अर्जातील आर्जव

इंग्रजीत अर्ज लिहावयास बसलेला आपला सुशिक्षित तरुण, एरवी कितीही ताठ मानेने वावरत असला तरी, कागदावर मात्र एकाएकी खाविंदांच्या दरबारात उभा असल्यासारखा वाकतो. आणि ‘अत्यंत’, ‘मनःपूर्वक’, ‘कळकळीची’ यांचे इंग्रजी अवतार एकापुढे एक मांडून झाले, की आपली उत्कंठा आणि आपला विनय यथास्थित पोहोचला असे समजून अर्ज रवाना करतो. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अशा विशेषणांची रास रोजच पडत असल्यामुळे तो ती ओलांडून पुढे जातो, यात त्याचा दोष मला दिसत नाही.

मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात सालीना २० पौंडांवर कारकुनी करणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेले पत्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. आपली नोकरी, आपला तुटपुंजा पगार आणि विद्यापीठीय शिक्षणाचा अभाव त्यांनी आरंभीच, कसलाही गहिवर न आणता, सांगून टाकला. आपले निष्कर्ष विस्मयकारक असल्याचा अभिप्राय स्वतःच्या पदरी न घेता स्थानिक गणितज्ञांच्या नावे घातला. आणि सिद्धांतांनी भरलेली पाने सोबत जोडून, यांत काही मोल आहे अशी खात्री पटल्यास ते प्रसिद्ध व्हावेत, आपण अननुभवी असल्याने मिळेल तो सल्ला बहुमोल मानू, असे लिहून दिलेल्या तसदीबद्दल एकदाच क्षमा मागितली. ‘खात्री पटल्यास’ या अटीत हार्डींना नकाराची पूर्ण मुभा होती, आणि खरी सभ्यता मला तीतच दिसते. (अशा पत्रांना यश येतेच असे नाही; केंब्रिजच्याच अन्य गणितज्ञांकडून रामानुजन यांना त्याआधी साहाय्य मिळाले नव्हते.) रामानुजन यांच्या पत्राच्या शंभर वर्षे आधी, १८१२ च्या अखेरीस, पुस्तकबांधणीच्या धंद्यातील मायकेल फॅरडे यानेही असेच केले: रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची आपण घेतलेली टिपणे बांधून खुद्द डेव्हींकडेच धाडली, आणि पुढच्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला.

सर्वांच्याच गाठी सिद्धांत नसतात, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने त्या ग्रंथालयाचा कोणता संग्रह आपण पाहिला, त्याच्या सूचीत कोणती उणीव जाणवली आणि ती भरून काढण्याजोगे कोणते काम आपण पूर्वी केले आहे, हे चार सरळ वाक्यांत लिहिले, तर त्यापुढे ‘आय वुड बी ग्लॅड’ एवढी सौम्य शब्दयोजना पुरते. तिच्यावर ‘एक्स्ट्रीमली’ चढवले, की आस्थेऐवजी अगतिकताच दिसू लागते.

आमच्या शाळा मात्र मायना, तारखेची जागा आणि अखेरचे ‘युवर्स फेथफुली’ यांवर गुण वाटतात, व मजकूर मार्गदर्शिकेतून उतरवलेला असला तरी बिनदिक्कत मंजूर करतात. परीक्षकांनी निदान एका प्रश्नात खरोखरीची जाहिरात छापावी, आणि दुसऱ्या कोणत्याही जागेच्या अर्जात जसाच्या तसा चिकटवता येईल अशा मजकुराचे गुण निःसंकोच कापावेत.