चेटकिणी नव्हत्याच त्या!

मोठ्या माणसांनी हडळी-पिशाचांच्या प्रेमकथा कसल्या वाचायच्या, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीतला मी नव्हे. ज्यांचे बालपण वेताळपंचविशीवर पोसले, त्यांनी असले सोवळे पाळू नये. म्हणूनच डेबोरा हार्कनेस या अमेरिकन बाईंची ‘ए डिस्कव्हरी ऑफ विचेस’ ही २०११ सालची कादंबरी सुनेने फराळाच्या ताटाबरोबर पुढे ठेवली, तेव्हा मी ती आनंदाने उघडली.

बाई विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापिका. त्यांची नायिका डायना हीही तशीच विदुषी, पण जन्माने चेटकीण. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात तिच्या हाती एक मंतरलेले हस्तलिखित येते आणि मागोमाग शेकडो वर्षे जगलेला एक रक्तपिपासू शास्त्रज्ञ. दोघांनी एकमेकांवर प्रेम करू नये असा त्यांच्या पंचायतीचा दंडक! जातीबाहेरच्या लग्नावरून घरे पेटलेली पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे दुःख परके नाही. इथपर्यंत बाईंना माझा नमस्कार.

माझे भांडण पुढे आहे. डायनाच्या कुळाचा संबंध बाईंनी ब्रिजेट बिशपशी जोडला आहे. ही ब्रिजेट कल्पित नाही. अमेरिकेतल्या सेलम गावी १० जून १६९२ रोजी चेटकीण म्हणून तिला फासावर चढवले. त्या वर्षी तिथे १९ जणांना फाशी झाली. एकाला दगडांखाली चिरडून मारले. पुरावा काय? तर हिची छाया रात्री येऊन आमच्या उरावर बसते, असल्या साक्षी! ब्रिजेट अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचे नाव घेऊन तिला निर्दोष ठरवले ते २००१ साली, म्हणजे ३०९ वर्षांनी.

आणि कादंबरी काय म्हणते? ती खरोखरच चेटकीण होती! म्हणजे न्यायाधीश क्रूर असतील, पण खोटे नव्हते. मेलेल्या बाईवरचा आरोप हा असा गोड करून पुन्हा शाबीत होतो.

‘अहो, कादंबरीच ती!’ असे कोणी म्हणेल. मान्य. नायकाला हवी तेवढी शतके जगवा. त्याची समाधी कोणत्याही गावात नाही. पण जिचा खराखुरा जीव गेला, तिच्या नावाशी असा खेळ करू नये. एखादी पूर्वज कल्पिली असती, तर कथेचे काय अडले असते?

हा वाद सातासमुद्रापलीकडचा समजू नका. सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपणही वाचल्या आहेत. अशा छळाला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर.

तेव्हा वाचकहो, कादंबरी खुशाल वाचा. रात्र जागवील अशी आहे. फक्त ब्रिजेटचे नाव आले की शेजारी बसलेल्या लेकीला एवढे सांगा : ही बाई खरी होती, आणि ती चेटकीण नव्हती.