भाड्याची कोठी आणि कुलपाची जबाबदारी

आपला माहितीसाठा स्वतःच्या कचेरीत न ठेवता 'क्लाऊड'वरील भाड्याच्या कोठीत ठेवण्याकडे आता मोठ्या संस्थांचा कल आहे. इमारत, यंत्रे, वीज, पहारा मालकाकडे. आत कोणास सोडायचे हे भाडेकरूने ठरवायचे, अशी ही वाटणी असते. ती करारपत्रात लिहिलेली असते. करारपत्र वाचतो कोण, हा भाग निराळा!

२०२४ साली अमेरिकेतील 'स्नोफ्लेक' या कंपनीच्या अशाच कोठीतून तिच्या ग्राहकसंस्थांची माहिती चोरीस गेली. सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. 'एटी अँड टी' या दूरध्वनी कंपनीच्या जवळजवळ सर्व मोबाईल ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी त्यात गेल्या. मालकाची भिंत कोणी फोडली नव्हती. चोरांच्या हाती भाडेकरूंचेच पासवर्ड होते. काही तर २०२० सालीच चोरीस गेलेले आणि तरीही न बदललेले. ओटीपीसारखे दुसरे कुलूप त्या खात्यांना नव्हतेच.

दोष भाडेकरूंचा, हे उघड आहे. परंतु दुसरे कुलूप ऐच्छिक ठेवणारा मालक सर्वस्वी निर्दोष कसा? नव्या खात्यांना ते आरंभापासूनच लावण्याची व्यवस्था कंपनीने केली ती चोरीनंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच ठेवली आहे. काम दुसऱ्याकडे सोपविले म्हणून सुटका नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आपल्या पतसंस्थांच्या, रुग्णालयांच्या संचालकांनी म्हणूनच करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे : दुसरे कुलूप कोण लावणार, आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची किल्ली कोण काढून घेणार?