शीर्षक झाकून वाचा

आमच्या मराठीच्या वर्गात पहिल्या वर्षापासून एक शिस्त आहे. कविता हातात आली की 'कवीला काय सांगायचं आहे' हे लगेच विचारायचं नाही. आधी कवितेत काय आहे ते बघायचं. कुठला शब्द पुन्हा येतो, कोण बोलतं, कोण गप्प राहतं. अर्थ नंतर. सुरुवातीला मला हा छळ वाटायचा. गाइडमध्ये आशय तयार असताना एवढा खटाटोप कशाला? आता माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती स्वतःबद्दल आहे. ही शिस्त मी कवितेला लावली, कथेला लावली. पण ज्या पुस्तकाला आम्ही देवाचा शब्द म्हणतो, त्याला कधीच लावली नाही.

आम्हा कॅथलिक मुलांचं बायबलशी नातं बहुतेक कानांचं असतं. रविवारी मिस्सेत वाचन होतं, फादर प्रवचन करतात, अर्थ मिळतो, आम्ही घरी येतो. यात वाईट काहीच नाही. पण वर्षानुवर्षं असं ऐकलं की वाचन सुरू व्हायच्या आधीच अर्थ आठवतो. 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हटलं की 'देव क्षमा करतो'. झालं, संपलं.

या उपवासकाळात मी तो दाखला, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय, वहीत उतरवून काढला. शीर्षक गाळून. कारण शीर्षक लूकचं नाही, नंतरच्या संपादकांचं आहे. अध्यायांची विभागणीही १३व्या शतकातली आणि ओव्यांचे आकडे १५५१ सालचे.

शीर्षक गेलं आणि गोष्टच बदलली. ती उधळ्यापासून सुरू होत नाही. दोन मुलगे असलेल्या एका माणसापासून होते. मग मी नुसत्या खुणा करत गेले. वाटणी मागितली धाकट्याने, पण बापाने ती दोघांना करून दिली. म्हणजे थोरल्यालाही त्याचा हिस्सा मिळाला होता! धाकटा परत येताना मनात तीन गोष्टी घोकतो: पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी नाही, गडी म्हणून ठेवून घ्या. बहुतेक भाषांतरांत प्रत्यक्ष भेटीत तिसरी गोष्ट येतच नाही. त्याआधीच बाप झगा आणायला सांगतो. धाकटा 'बाबा' म्हणून बोलायला लागतो. थोरला सगळ्या भांडणात एकदाही 'बाबा' म्हणत नाही. आणि येशू हे सांगतोय कोणाला? पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून त्याच्यावर कुरकुरणाऱ्या धार्मिक मंडळींना. म्हणजे गोष्टीचं तोंड थोरल्याकडे आहे.

अजून एक खूण. थोरला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप तेच नातं उलटवून त्याच्या पदरात टाकतो: 'हा तुझा भाऊ'.

इथे माझी पेन्सिल थांबली. आजीच्या माघारी घराच्या वाटणीवरून पप्पांचं आणि काकांचं बिनसलं, त्याला चार वर्षं झाली. पप्पा थोरले. आजीला सांभाळलं त्यांनी, दवाखाने केले त्यांनी. त्यांची तक्रार खोटी नाही. गोष्टीतल्या थोरल्याचीही नव्हती. पण या चार वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझा भाऊ' मी ऐकलेलं नाही. आईशी बोलताना 'तुझा दीर', माझ्याशी बोलताना 'तुझा काका'. आणि मी तरी काय केलं? नाताळचा फराळाचा डबा काकांकडे न्यायचं हळूच बंद केलं. हे मला कुठल्या प्रवचनाने दाखवलं नव्हतं. एका सर्वनामाने दाखवलं.

माझी एक मैत्रीण म्हणते, बायबल म्हणजे काही क्रमिक पुस्तक नव्हे. प्रत्येकाने आपापला अर्थ काढायचा तर चर्च हवं कशाला? हरकत बरोबर आहे. पण अशा वाचनात मनमानीला उलट जागा कमी उरते. थोरल्याला कोत्या मनाचा ठरवून मोकळं होणं मला सोयीचं होतं. मजकूर ते करू देत नाही. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याला 'बाळा' म्हणतो. शिवाय चर्चनेच १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात, बायबल सर्वांना खुलं असावं आणि ते वाचताना त्यातले वाङ्मयप्रकार लक्षात घ्यावेत, असं सांगितलं. आपल्या भाषेत तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. एवढे कष्ट नुसतं ऐकण्यासाठी नव्हते. प्रवचन हवंच, टीकाग्रंथही हवेत. पण आपण वाचून झाल्यावर.

आणि हे फक्त ख्रिस्ती मुलांसाठी नाही. मी ती वही मंडळातल्या एका मैत्रिणीला दिली. तिला ही गोष्ट माहीतच नव्हती. वाचून तिने विचारलं, "मग थोरला आत गेला का?"

मी पान उलटलं. पुढे १६वा अध्याय, वेगळीच गोष्ट. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. एवढ्या वेळा ऐकून मला हा प्रश्न पडला नव्हता.

मंडळाने महिन्यातून एकदा अशी बैठक घ्यावी. एक उतारा, शीर्षक झाकलेलं, आणि पहिली वीस मिनिटं अर्थ सांगायला बंदी. बायबल घ्या, अभंग घ्या, काहीही घ्या.

पप्पांना मी अजून काही बोललेले नाही. पण या नाताळला डबा घेऊन मी काकांकडे जाणार आहे.