दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाड्यांची जत्रा



दसरा तोंडावर आला की मांजरसुंब्याच्या चौकात गाड्या धुणाऱ्या पोराला भाव येतो. एरवी ‘या मालक, या मालक’ करणारा तो पठ्ठ्या त्या दोन दिवसांत वर मान करून बघतसुद्धा नाही. ‘लायनीत लावा’ म्हणतो. धुळे-सोलापूरचा मोठा रस्ता बीडकडून घाट चढून इथं येतो. इथून एक वाट पाटोद्याकडे फुटते, दुसरी केज-अंबाजोगाईकडे. म्हणजे बालाघाटावरच्या आपल्या मुलखात जे काही चाकावर चालतं, ते कधी ना कधी या चौकातून जातंच. खंडेनवमी-दसऱ्याला हीच वाहनं नटतात. ट्रॅक्टरच्या नाकाडावर स्वस्तिक, ट्रकच्या आरशाला झेंडूची माळ, मोटारसायकलीच्या हँडलला आपट्याची डहाळी. नारळ फुटतो, खोबरं वाटलं जातं, आणि घटकाभरात जो तो आपल्या वाटेला लागतो.

माझ्या मनात बरेच दिवस घोळतंय ते असं. एवढी नटलेली वाहनं अर्धा दिवस एका जागी उभी करून गावाला नीट दाखवायला काय हरकत आहे? बैलाला पोळा आहे. तशी चाकांची एक छोटी जत्रा.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन म्हटलं की आपल्याला वाटतं, ते मुंबई-पुण्याच्या शेठलोकांचं काम. तसं नाही. कोल्हापूरचा दसरा पाहिलाय कुणी? राजाराम महाराजांच्या काळातली जर्मनीची मेबॅक मोटार छत्रपती घराण्यानं जपून ठेवली आहे. दसऱ्याला छत्रपती त्या मोटारीतून दसरा चौकात सोनं लुटायला येतात. ती मोटार बघायला माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताटकळत उभी असतात. लेकराला खांद्यावर घेऊन बाप सांगतो, ‘ती बघ महाराजांची गाडी.’ तिकीट नाही, काही नाही. इंग्लंडातही लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची वारी निघते. मोटारीला चालीची मोकळीक देणारा कायदा १८९६ साली आला, त्याच्या आनंदात पहिली निघाली. १९०५ च्या आधी बनलेल्या गाडीलाच तिच्यात जागा. सुमारे ९० किलोमीटरचं अंतर, पण शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. धापा टाकत का होईना, पोचलं म्हणजे झालं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली मेबॅक? नसू द्या. गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीआड काय काय पडलंय ते एकदा बघून तर या. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्या वंशातली एखादी जीप असेल. १९६३ नंतर आपल्याकडे बनू लागलेला इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर असेल. मास्तरांची राजदूत, ग्रामसेवकाची लूना, दूधवाल्याची एम-८०, डॉक्टरांची फियाट, पुढाऱ्याची अँबॅसिडर. पुढारी गेले, अँबॅसिडर राहिली! अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, कुर्ल्याच्या पद्मिनीचं त्याच्याही कितीतरी आधी. पुन्हा बनायच्या नाहीत त्या.

आता माझी एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

आमच्या वडिलांनी बी-२७५ घेतला होता, भूविकास बँकेचं कर्ज काढून. त्या कर्जाच्या हप्त्यांवर आमच्या घरातल्या दोन लग्नांच्या तारखा ठरल्या. त्या ट्रॅक्टरनं आमची तर आमची, भावकीतल्या निम्म्या रानांची नांगरट केली. वडील गेल्यावर तो शेडमध्ये उभा राहिला. टायर बसले, सीटमध्ये चिमण्यांनी घरटं केलं. एके वर्षी सोयाबीन ठेवायला जागा पाहिजे म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गॅसकटरनं तुकडे केले, काट्यावर टाकले, किलोच्या भावानं पैसे माझ्या हातात दिले. आठ दिवसांनी वडिलांच्या वेळचा ड्रायव्हर आला. सत्तरी ओलांडलेला माणूस. रिकाम्या शेडकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘मालक, निदान नावाची पट्टी तरी ठेवायची.’ चहा न घेताच गेला. त्या ट्रॅक्टरचा धड एक फोटोही आमच्या घरात नाही. माझ्या नातवाला आजोबांचा ट्रॅक्टर केवढा होता ते मी हातानं दाखवतो.

म्हणून म्हणतो, जत्रा भरवायची ती चकाकी दाखवायला नव्हे. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, बंद पडलेला असला तरी आणा. ट्रॉलीत घालून आणा. मात्र प्रत्येक वाहनापुढं पुठ्ठ्याची एक पाटी हवी. वाहन कोणतं, कोणत्या साली गावात आलं, पैसे कुठून उभे केले, कोण चालवायचं, कुणाच्या वेळेला कामाला आलं. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन घाट उतरलेली जीप आपल्याकडे गावोगाव आहे, पण तिचा उतारा कुठल्याच दप्तरात मिळायचा नाही. या पाट्या शाळेतल्या पोरांनी लिहाव्यात. आजोबांना विचारून, आजीलाही विचारून. हप्त्यापायी कुणाची पाटली मोडली हे आजीलाच ठाऊक असतं. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्करानं १९९४ साली उघडलेलं. पोरांना घेऊन एकदा जाऊन या. नुसता लोखंडाचा ढिगारा बघून माणूस लवकर कंटाळतो. हा १९६५ च्या लढाईतला पॅटन, शत्रूकडून हस्तगत केलेला, असं कळलं की पाय तिथंच थांबतात.

दिवस कोणता धरायचा? मी आधी दसराच म्हणत होतो. आमच्या घरातून लगेच उत्तर आलं, ‘तुमचं प्रदर्शन आणि आमचं पुरण! आम्ही चुलीपाशी आणि तुम्ही गाड्यांपाशी!’ बरोबरच आहे. मग दुसरा दिवस धरा. ती एकादशी. पुरणावरणाचा घोळ नाही, गाड्या आदल्या दिवशीच धुतलेल्या, माळा अजून ताज्या. बचत गटाच्या बायांनी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवले तर त्यांच्याही हाती चार पैसे येतील. मात्र अर्ध्याच दिवसात आटपा. सोयाबीनची काढणी ऐन भरात असते, ट्रॅक्टर-मळणीयंत्राला दिवसभर कोण मोकळं ठेवणार? दिवाळीवर मात्र ढकलू नका. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर पाली, भांडीकुंडी, लेकरं, आणि वाट धरली कारखान्याची. एकदा टोळ्या गेल्या की जत्रेला ना गाड्या उरतात ना माणसं. आणि खरं सांगू, या ट्रॅक्टरनाच रांगेत पहिली जागा द्यावी. आपल्या तालुक्याचं पोट त्यांनी ओढलंय.

जागेचं नीट ऐका. चौकात नको, हमरस्त्याच्या कडेला तर अजिबात नको. मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक काढायचा मोह आवरा. तिथून भरधाव जाणाऱ्या ट्रकला तुमची जत्रा माहीत नसते. शाळेचं पटांगण किंवा बाजाराचा तळ बरा. ग्रामपंचायतीची परवानगी आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज, दोन्ही आधी. लाउडस्पीकर लावणार असाल तर तेही त्यात लिहा.

आणि जमीन सपाट बघा. आम्ही एका वर्षी आमच्या वाडीत चार ट्रॅक्टर आणि दोन जीप अशाच हौसेनं रांगेत लावल्या होत्या. जागा निवडली मीच, देवळामागचा उतार, का तर सावली छान. एका जीपचा हँडब्रेक नावालाच होता. पोरं मागच्या फाळक्यावर चढली, आणि जीप आपली निघाली हळूहळू. मारुतीच्या कट्ट्याला जाऊन टेकली म्हणून बरं. दोन हात अलीकडे एक म्हातारी वाती वळत बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. गाडी जागेवर लागली की चारी चाकांना दगड, बॅटरीची वायर काढलेली, चावी मालकाच्या कनवटीला. नऊच्या आत सगळ्या गाड्या आत, आणि शेवटचं लेकरू पटांगणाबाहेर गेल्याशिवाय एकही इंजिन चालू करायचं नाही. मधेच कुणी ‘जरा आवाज ऐकवतो’ म्हणाला तर त्याला हात जोडून नाही म्हणा. कापूर-उदबत्तीही लांब. पेट्रोलच्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर कधी पाझरेल याचा नेम नाही. वाळूच्या चार बादल्या भरून ठेवा.

पोरांना नुसतं ‘हात लावू नका’ म्हणून चालत नाही, ती लावणारच. म्हणून एक जीप खास त्यांच्यासाठी द्या. डिझेल काढलेलं, बॅटरी उतरवलेली, चाकं बांधलेली. बसू दे त्यांना, फिरवू दे स्टिअरिंग, तोंडानं वाजवू दे भोंगा. त्या जीपपुढंच सगळ्यात मोठी रांग लागते.

उद्घाटनाला पुढारी बोलावला तर भाषण सावरता सावरत नाही. त्यापेक्षा गावातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरच्या हातून नारळ फोडा. टॉवेल-टोपी द्यायची असेल तर मिस्त्रीला द्या. आवाज ऐकून बिघाड सांगणारे ते हात आता कमी होत चालले. अशा माणसाला दोन तास खुर्ची टाकून ट्रॅक्टरशेजारी बसवा आणि आठवी-नववीची पोरं त्याच्याभोवती सोडा. कॉइल म्हणजे काय, ग्लो प्लग कशाला, पोरं विचारतील आणि तो सांगेल.

कागदांचंही थोडं. रस्त्यावरून चालवत आणायची गाडी असेल तर नोंदणी, विमा, पीयूसी चालू हवं. नसेल तर ट्रॉलीत घालून आणणं उत्तम. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-मोटारींसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली वेगळा नियम केला. त्यात नवी नोंदणी २०,००० रुपयांची, १० वर्षं चालणारी, पुढच्या वेळी ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. एवढे पैसे आपल्यापैकी फार थोडे भरतील हे मला कळतं. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी निदान एक फोटो काढा, आणि नावाची पट्टी स्क्रू काढून घरात ठेवा.

राहता राहिलं निघतानाचं. रेडिएटरच्या जाळीपुढं झेंडूच्या जाडजूड माळा तशाच ठेवून पोरं जोरात निघतात. जाळीला वारा लागत नाही, आणि घाटाच्या चढाला पाणी उकळून गाडी वाफा टाकत उभी राहते. तेव्हा गाडी हलवायच्या आधी समोरच्या माळा उतरवा. झेंडू गाईला घाला. आणि हो, चाकांचे दगड काढून एका बाजूला रचून ठेवा, पुढच्या वर्षी लागतील.