हिवाळी ट्रिटिकेल आणि आमचा हिवाळा



गव्हाला पर्याय म्हणून ‘हिवाळी ट्रिटिकेल’च्या वाणांची शिफारस करणारा लेख आपल्या कृषी पुरवणीत वाचला. त्यात सांगितलेले गुण खोटे नाहीत. गहू आणि राय यांच्या संकरातून आलेले हे पीक रेताड, आम्लधर्मी जमिनीतही तग धरते, वैरण भरपूर देते. पोलंड आज त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. तिथे 1982 साली आलेला ‘लास्को’ हा वाण या हिवाळी जातीचाच. माझी हरकत ‘हिवाळी’ या एका शब्दाला आहे.

आपण थंडीत पेरतो म्हणून आपला गहूही हिवाळीच, असे वाचणाऱ्याला वाटणार. प्रत्यक्षात आपले गव्हाचे वाण शास्त्राच्या भाषेत वसंती; कडाक्याची थंडी न मिळताही ते निसवतात. युरोपातला हिवाळी वाण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. रोप बर्फाखाली जमिनीला चिकटून बसते, 0 ते 10 अंशांची थंडी सहा-आठ आठवडे अंगात मुरली की मगच कांडी धरते, आणि सोंगणी होते जुलै-ऑगस्टात. निफाडचा पारा पाच अंशांवर उतरला की बातमी होते खरी, पण ती पहाटेची. दुपारी आम्ही स्वेटर काढून बांधावर ठेवतो.

गेल्या रब्बीत एका विक्रेत्याच्या भरवशावर मी असलेच बियाणे दोन वाफ्यांत पेरले. उगवण उत्तम. एकेका रोपाला वीस-बावीस फुटवे, पण रोप बैठे, हरळीसारखे पसरलेले. शेजारच्या वाफ्यातला गहू जानेवारीत निसवला, मार्चमध्ये खळ्यावर आला. तोवर ट्रिटिकेलला एक ओंबी नाही. शेवटी कापून म्हशीपुढे टाकले. तिची काही तक्रार नव्हती.

आम्ल जमिनीचा मुद्दाही इथे गैरलागू. नाशिक-नगरकडच्या काळ्या जमिनीचा कल उलटा, विम्लतेकडे. आम्लधर्मी जांभी माती कोकणात, आणि तिथे थंडी कुठून आणायची? शिवाय रायचा अंश आल्याने या पिठाला गव्हाचा चिवटपणा येत नाही. चपातीवाल्या घरात ते खपणे अवघड.

ट्रिटिकेलला माझा विरोध नाही. मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेने वसंती वाणांवर मोठे काम केले, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानेही केले. चाचणी घ्यायची तर त्या वाणांची घ्यावी, तीही आधी वैरणीसाठी. लेखातल्या तक्त्यात उंची, उत्पादन, तांबेऱ्याला प्रतिकार असे सगळे रकाने होते. थंडीची गरज किती आठवडे, हा रकाना तेवढा नव्हता. पेरणी तोंडावर आली आहे. तो रकाना पुढच्याच अंकात छापावा, ही विनंती.

— एक गहू उत्पादक, निफाड तालुका