जमीन मिळवायची, तर जिवंत मिळवायची



पाड्यापाड्यावर वनहक्काचे दावे भरायचं काम चालू आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसतोय त्या प्लॉटवर आपलं नाव लागलं पाहिजे, नवरा-बायको दोघांचंही लागलं पाहिजे, म्हणून ग्रामसभा बसतायत, मोजण्या होतायत. हे काम संपलेलं नाही आणि अर्ध्यावर सोडायचंही नाही. पण या अंकात आम्ही कागदाखालच्या मातीबद्दल बोलणार आहोत. कागद हातात आला आणि माती मेलेली निघाली, तर पोरांना काय खायला घालायचं?

आपली म्हातारी माणसं धरतरीला आई म्हणतात, ती जिवंत आहे म्हणतात. शिकलेल्या पोरांना ते खुळचट वाटतं. पण बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात वेगळं काही लिहिलेलं नाही. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीव असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. काही जिवाणू, काही बुरशी. त्यातले थोडे रोग करतात, बाकीचे आपल्या शेतात बिनपगारी राबतात. पालापाचोळा आणि शेण कुजवून त्याचं खत करतात ते हेच. खडकाळ मातीत अडकलेलं स्फुरद पिकाला मोकळं करून देतात ते पण हेच. एक बुरशी तर नागली-तुरीच्या मुळात घर करते आणि तिचे बारीक धागे मूळ पोचत नाही तिथून पाणी न् स्फुरद ओढून आणतात. पाऊस आठ दिवस दडी मारतो तेव्हा असं पीक जरा जास्त तग धरतं.

सगळ्यात मोठी गोष्ट उडदाच्या मुळाशी आहे. पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यानं, फुलं यायच्या सुमाराला, उडदाचं एक झाड उपटू नका, मातीच्या ढेकळासकट खणून काढा आणि हलक्या हातानं पाण्यात धुवा. मुळावर बारीक गाठी दिसतील. तो रोग नाही. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेच्या 100 भागांत 78 भाग नत्र असतो, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू तो घेतात आणि झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. गाठ नखानं फोडून बघा. आतून लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. दुकानदार 45 किलोची युरियाची गोणी देतो, त्यात जवळपास 21 किलो नत्र असतो. उडीद, तूर, चवळी, वाल हवेतला नत्र स्वतः मिळवतात, आणि त्यांची मुळं न् पाला शेतात राहिला तर थोडा पुढच्या पिकालाही मिळतो.

आपल्या वाडवडलांना जिवाणूचं नाव माहीत नव्हतं, पण काम माहीत होतं. वरकस जमिनीवर एका वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी किंवा उडीद आणि मग काही वर्षं जमीन पडीक. पडीक म्हणजे वाया नाही. त्या वर्षांत पाला पडायचा, कुजायचा, माती परत भरून यायची. मग ते थांबलं कशामुळे? आळसामुळे नाही. जमीन एकसाली, नाव कुणाचं नाही. पडीक ठेवली तर "हा कसत नाही" म्हणून हातातून जायची भीती. भीतीपोटी दरसाल तोच उतार नांगरावा लागला. वर पुन्हा आपल्यालाच बोलतात की आदिवासी जमीन खराब करतो. माती सुधारायला वर्षं लागतात. पुढच्या साली जमीन आपली राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर माणूस खत कशाला मुरवेल, बांध कशाला घालेल? म्हणून जमिनीचा हक्क आणि मातीचा जीव या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

युरिया विष आहे असं आम्ही म्हणत नाही. खाचरातल्या भाताला त्यानं जोर येतो हे सगळ्यांनी पाहिलंय. पण उडदाला युरिया टाकला तर गाठी कमी धरतात, कारण आयतं मिळाल्यावर झाड जिवाणूला कशाला पोसेल? उताराच्या जमिनीवर टाकलेला युरिया आपल्या पावसात बराचसा ओढ्याला जातो. उधारी मात्र वाहून जात नाही, ती दिवाळीला दारात उभी राहते. वनहक्काची जमीन कायद्यानं विकता येत नाही, पण उधारीपोटी पीक उभ्यानंच दुसऱ्याचं होऊ शकतं.

मग करायचं काय?

पहिलं, नागलीत उडीद-तुरीच्या ओळी घाला. निव्वळ एकच पीक नको.

दुसरं, ज्या शेतात मागच्या साली उडदाच्या गाठी चांगल्या होत्या, तिथली थोडी माती आणून नव्या उडदाच्या जागेत मिसळा. फुकटचं बियाणं आहे ते. रायझोबियमचं पाकीट मिळालं तर 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. पाकिटावरची तारीख बघा, ते उन्हात ठेवू नका.

तिसरं, राब भाजायचा तर रोपाच्या तुकड्यापुरताच भाजा. सगळं शेत पेटवलं तर वरच्या थरातले जीव आणि त्यांचं खाणं दोन्ही जळतं. बाकीचा पाला शेणकाल्यासोबत खड्ड्यात थरावर थर घालून कुजवा.

चौथं, बांध घाला. बांधानं माती अडते, आणि वनहक्काच्या नियमांत बांध, सपाटीकरण हे कसवणुकीचा पुरावा म्हणून धरलं जातं. एका कामात दोन कामं.

हे सगळं एका पावसात होणार नाही. युरिया एकदम बंद केला तर पहिल्या साली पीक कमी येऊ शकतं. म्हणून आधी पाच-दहा गुंठ्यांवर करून बघा, शेजारच्या तुकड्याशी ताडून बघा. पुढच्या ग्रामसभेत ज्याच्या-त्याच्या उडदाचं झाड मुळासकट घेऊन या. आणि एक मागणी ठरावात लिहा: जिवाणू खताची पाकिटं तालुक्याला पेरणीआधी आली पाहिजेत, पेरणी झाल्यावर नाही.

दावा भरू, जमीन मिळवू, आणि ती पोरांच्या हातात जिवंत देऊ.

जिंदाबाद!