निवळलेले पाणी शुद्ध असते का?

पाऊस लागला की ओढ्याचे, नदीचे पाणी गढूळ येते. मग घरोघरी हंड्यात तुरटीचा खडा फिरतो. काही वेळाने पाणी नितळ दिसू लागते आणि ‘आता जंतू मेले’ असे समजून आपण निर्धास्त होतो. चूक होते ती इथेच.

तुरटी नेमके काय करते ते पाहू. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की केस फाकतात. सर्व केसांवर एकाच जातीचा विद्युतभार बसतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यातील मातीचे बारीक कण आणि बहुतेक रोगजंतू यांच्या अंगावर असाच ऋण भार असतो. ते एकत्र येत नाहीत, म्हणून तळाशी बसत नाहीत. पाण्यात क्षार वाढले की या भाराचा जोर ओसरतो. नदीचे गोडे पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला मिळते तिथे गाळ साचतो, त्याचे एक कारण हेच. पावसाच्या पाण्यात क्षार थोडे, म्हणून ते लवकर निवळत नाही.

तुरटीतील ॲल्युमिनियमचा भार धन असतो. ऋणाला धन मिळाले की वजाबाकी होते, कणांचे पुंजके बनतात आणि जंतूंना घेऊन खाली बसतात. मात्र तुरटी फार झाली तर कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा फाकू शकतात. म्हणून खड्याचे चार-पाच फेर देऊन थांबावे.

आता लक्षात घ्या, जंतू खाली बसले, मेले नाहीत! वरच्या पाण्यातही थोडे उरतातच. तेव्हा हंडा न हलवता वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. तळचा गाळ विहिरीपासून दूर टाकावा आणि हंडा घासावा. निवळलेले पाणी चांगले उकळावे. किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. क्लोरीन गढूळ पाण्यात घालू नये. मातीच्या आड जंतू लपतात आणि औषध वाया जाते.

आधी तुरटी, मग उकळणे किंवा क्लोरीन, हा क्रम मोडू नये. पावसाळ्यात लहान मुलांना लागणारे जुलाब पुष्कळदा अशा नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनच येतात.